पेन्सिलीआधी चिपटं-मापटं

प्रश्न : बाई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. यंदा त्याला इंग्रजी शाळेत एलकेजीला घातलं. रोज एक पान लिहून आणायला सांगतात. तो चार ओळींतच रडकुंडीला येतो. पेन्सिल मुठीत धरतो, ‘एस’ उलटा काढतो, ‘बी’चा ‘डी’ करतो. घरी सराव कमी पडतोय, असं त्याच्या टीचर म्हणाल्या. मग मी मोबाइलवर बघून तांदूळ रंगवले, कागदाच्या रंगीत चकत्या कापल्या, कापसाचे गोळे करून ठेवले. तासभर मी मांडामांड करते आणि हा पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरात आजीकडे पळतो. सासूबाई म्हणतात, खेळून कुणी शहाणं होतं का, लिहायला बसव. घरी आम्ही मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी, त्यानेही तो गोंधळतोय असं वाटतं. वन ते फिफ्टी मात्र घडाघडा म्हणतो, तेवढंच समाधान. ऑनलाइन साडेतीन हजारांचा एक शैक्षणिक संच बघून ठेवलाय. घेऊ का?
– एक आई, खानापूर तालुका, बेळगाव

उत्तर :

ताई, संच घेऊ नका. ते पैसे राहू देत.

मुलगा उठून आजीकडे पळतो, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला तुमच्या पत्रातली तीच सगळ्यात चांगली बातमी वाटली. तुम्ही मांडलेल्या चकत्यांचं पुढे काय होणार, हे त्याला कळत नाही. आजी शेंगा फोडते, तेव्हा त्यांची चटणी होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चार वर्षांच्या मुलाला खऱ्या कामाची विलक्षण ओढ असते, आणि कुठलं काम खरं आणि कुठलं आपल्यासाठी मुद्दाम मांडलेलं, हे ते लगेच ओळखतं. तेव्हा रात्री जागून तयारी करणं बंद करा. घरात सकाळपासून जी कामं चाललेली असतात, त्यांतला त्याला जमेल तेवढा वाटा त्याच्या हाती द्या.

आधी त्या हाताबद्दल, म्हणजे तुमची काळजी कमी होईल. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ, असतात आणि एकेक करत पक्की होतात. चौथ्या वर्षी साधारण निम्मीच पक्की झालेली असतात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी होतं. तळव्यातल्या बारीक स्नायूंतही अजून जोर यायचा असतो. मुठीत पेन्सिल धरणं ही या वाढीतली एक पायरी आहे. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. चित्रातही असाच क्रम दिसतो : तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बघून गोल काढता येतो, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, चौकोन त्यानंतर, आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास. तिरपी रेघच ज्याच्या हाताला अजून नीट साधत नाही, त्याला पानभर ‘के’ आणि ‘एक्स’ काढायला बसवलं तर तो रडणारच. उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं काढतात. त्यावरून आज कुठलाही अर्थ काढू नका.

आता काम काय द्यायचं? सासूबाईंपासूनच सुरुवात करा. तुमच्या घरात हाताचं सगळ्यात बारीक काम त्यांनाच येत असणार. वाती वळणं, फुलवाती करणं, गव्हल्या वळणं, मेथी निवडणं, पावटे सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं : यांतल्या प्रत्येक कामात अंगठा आणि तर्जनी समोरासमोर येतात, आणि पेन्सिलीला हवी असते ती हीच पकड. गव्हल्यांचा तर मला फार लोभ आहे. पिठाचा इवलासा तुकडा दोन बोटांत घेऊन वळायचा, हातातून सुटून ताटात पडेल इतपतच दाब द्यायचा. असा नेमका दाब द्यायला शिकवणारं साधन कुठल्याही संचात मला दिसलेलं नाही. त्याच्या गव्हल्या जाड होतील, वाकड्या होतील. खिरीत घाला. ‘ही बाळाने वळलेली’ असं म्हणून घरच्यांना वाढा.

दाखवण्याची एक रीत आहे. एका वेळी एकच काम घ्या. त्याच्या शेजारी बसा, समोर नको, समोरून बघताना मुलांना हात उलटे दिसतात. एकदा सावकाश करून दाखवा आणि दाखवताना बोलू नका. तुम्ही बोललात की तो तुमच्या तोंडाकडे बघतो आणि हात बघायचा राहतो. मग थोडंसंच पुढ्यात द्या, एक मूठ शेंगा किंवा मेथीच्या पाच-सहा काड्या. ढीग बघूनच मूल कंटाळतं. आणि त्याने निवडलेली मेथी त्याच्यादेखत परत निवडू नका. तो झोपल्यावर खुशाल निवडा. पाच मिनिटांत उठला तर उठू द्या, उद्या परत बसेल.

सकाळचा शर्ट त्यालाच घालू दे, बटणं लावायला पाच मिनिटं जास्त धरा. ओला रुमाल पिळायला द्या, पिळण्यात मनगट वळतं. खलबत्त्यात दाणे कुटायला द्या, त्याने खांद्यापासून जोर यायला लागतो. खांदा आणि कोपर भक्कम नसतील तर बोटं स्थिर राहत नाहीत. म्हणून झाडावर चढणं, दोरीला लोंबकळणं, पाण्याचा छोटा तांब्या उचलून आणणं ही लिहिण्याचीच तयारी समजा. परसात जांभूळ-पेरूचं बुटकं झाड असेल तर उघडीप मिळताच त्याला तिथे सोडा.

आता वन ते फिफ्टी. तुमचं समाधान मी थोडं कमी करणार आहे, रागावू नका. आज रात्री जेवताना त्याला सांगा, ‘आपण सगळ्यांना एकेक वाटी आण.’ किती आणतो बघा. बरीच मुलं पन्नासपर्यंत म्हणतात आणि पाच माणसांना सात वाट्या आणतात, कारण आकडे तोंडाला पाठ असतात, हाताला ठाऊक नसतात. एका माणसाला एक वाटी, ही जोडी जुळवणं हा गणिताचा पहिला धडा आहे. रोज ताटं-वाट्या तोच मांडू दे. कमी पडली तर तुम्ही सांगू नका, ‘बाबांना वाटी नाही मिळाली’ एवढंच म्हणा, तो परत जाऊन घेऊन येईल. पाच वाट्या मोजून झाल्यावर ‘किती झाल्या?’ असं विचारलं आणि तो परत एकपासून मोजायला लागला, तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्या मिळून किती, हे त्याला अजून उमगलेलं नाही असं समजा. ते समजावून सांगून येत नाही, रोज वाट्या मांडून येतं. दहापर्यंतचं असं पक्कं ज्ञान पन्नासच्या घोकंपट्टीहून कितीतरी मोलाचं आहे.

त्याच्या पुढची पायरी तुमच्या माळ्यावर पडून असेल. भातशेतीच्या घरात चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्याची जुनी मापं कुठेतरी असतातच. ती धुऊन काढा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटं आणि मापटं त्याच्यापुढे ठेवा, एका पातेल्यात भात, म्हणजे टरफलासकट तांदूळ, द्या आणि गप्प बसा. आधी तो नुसता भरेल आणि ओतेल, बरेच दिवस तेवढंच करेल. मग केव्हातरी मापटं भरायला चिपटं दोनदाच लागतं, तिसऱ्यांदा ओतलं की सांडतं, हे त्याच्या लक्षात येईल. त्या क्षणी तुमच्याकडे वळून बघेल. तेव्हा ‘हो, दोनदा’ एवढंच म्हणा. दुप्पट आणि निम्मं या गोष्टी पुढे वहीत येतील, तेव्हा त्या त्याच्या हातांनी आधीच केलेल्या असतील. जुनी मापं नसतील तर एक मोठी वाटी आणि तिच्यात दोनदा मावणारी छोटी वाटी चालेल.

खेळ संपल्यावर भात डब्यात परत. रंगवलेले तांदूळ मला याचसाठी नको वाटतात. आपण भात पिकवणारी माणसं. लावणीला गुडघाभर चिखलात उभी राहिलेली आजी घरात असताना तिच्या नातवासमोर रंगवून फेकून द्यायचे तांदूळ ठेवणं मला पटत नाही. सासूबाईंच्या रागात हेही असेल, एकदा त्यांना विचारून बघा. धान्य मोजायचं, पाखडताना बघायचं, सांडलेले दाणे टिपायचे आणि मग त्याचंच जेवण करायचं, यात मुलाची बोटंही तयार होतात आणि अन्नाची कदरही कळते.

‘खेळून कुणी शहाणं होतं का’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच असेल तर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट सांगा. १९०७ मध्ये रोममध्ये मारिया मॉंटेसरींनी कामगारवस्तीतल्या मुलांसाठी ‘मुलांचं घर’ नावाची बालशाळा काढली. तिथे मुलांना पाणी ओतणं, बटणं लावणं, झाडणं, पुसणं अशी कामं दिली जात. त्या पद्धतीची साधनं महाग होती. १९४५ मध्ये ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली आणि महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या, माती वापरायला घेतली. अनुताई त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि आदिवासी मुलांपर्यंत पोचलं. या दोघींनी जे उभं केलं ते गरिबाच्या अंगणात मिळणाऱ्या वस्तूंवर. साडेतीन हजारांच्या पेटीत जे असेल त्याहून जास्त तुमच्या परसात आहे, हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही.

त्यातली पहिली वस्तू म्हणजे माती. तुमच्या खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेली. जवळच्या कुंभाराकडून मळलेल्या मातीचा एक गोळा मागून आणा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, बरेच दिवस मऊ राहतो. खानापुरात पाऊस लागला की मुलं घरात कोंडली जातात, तेव्हा ओसरीवर पोतं अंथरून द्या. आधी तो नुसता थापेल, मग लाटून साप करेल, मग गोळे. ‘काय केलंस?’ असं सारखं विचारू नका, कित्येकदा त्यालाही ठाऊक नसतं. ज्येष्ठाच्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, कन्नड घरांत मातीचे बैल करून पुजतात. शेजारच्या अज्जीला सांगा, यंदा माझ्याही पोराला बसवून घ्या. बैलाला चार पाय हवेत, दोन शिंगं हवीत, आणि पाय बारीक केले तर बैल बसतो. मोजणं, तोल आणि प्रमाण या एका बैलात येतं. दिवाळीला किल्ला करताना पायऱ्या कापायचं काम त्याच्याकडे ठेवा.

आणि तिथेच तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तरही आहे. अज्जीजवळ बसून बैल करताना तो ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणायला लागेल, घरी येऊन ‘एक, दोन, तीन’ म्हणेल. एका वाक्यात दोन भाषा मिसळेल. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशीच वाढली आहेत. कन्नड, मराठी, कोकणी, उर्दू कानावर घेत वाढलेल्या मुलाच्या डोक्यात घोळ होत नाही. कुणाशी काय बोलायचं, हे ती आपोआप वेगळं करतात. तुम्ही एकच सांभाळा : घरात भरपूर आणि चांगली मराठी बोला. हाताने काम चालू असताना त्या कामाचे शब्द त्याच्या कानावर पडू द्या. चाळ, पाखड, सोल, निवड, मळ, थाप, पिळ. खरबरीत, बुळबुळीत, सुरकुतलेलं, ठिसूळ. तुमच्या घाईच्या दुरुस्त्या मात्र नकोत. तो ‘आज्जी ऊट माडतेय’ म्हणाला तर ‘हो, आजी जेवतेय’ म्हणून पुढे चला. भीतीपोटी मोडक्या इंग्रजीत त्याच्याशी बोलायला जाऊ नका. घरची भाषा जितकी घट्ट, तितकी शाळेतली भाषा पुढे लवकर रुजते.

अक्षरांची घाई नको म्हणते, पण बंदीही नको. तो स्वतः ‘हे काय लिहिलंय?’ विचारायला लागला की सुरुवात करा. परातीत पातळ थर रेती पसरा आणि बोटाने गिरवू द्या. पॉलिशपेपर कापून मोठी अक्षरं पुठ्ठ्यावर चिकटवली तर बोटाला वळण कळतं. मराठी अक्षरं अ-आ-इ पासून न घेता आपल्या जुन्या रीतीने ग, म, भ, न अशी घ्या, वळणं साधी आहेत आणि एकातून दुसरं निघतं. पेन्सिलीऐवजी जाड खडू द्या, तोही तोडून बोटाच्या पेराएवढा. लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. ओसरीच्या फरशीवर ओल्या कुंचल्याने नुसत्या पाण्याने लिहिणं मुलांना फार आवडतं. डाव्या हाताने करत असेल तर करू द्या, हात बदलायला लावू नका.

सावधगिरीचं मात्र नीट ऐका. काजूच्या हंगामात कच्च्या काजूच्या बोंडाशी खेळू द्या, पण बीला हात लावू देऊ नका, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा दिसायला सुंदर, मोजायला सोयीच्या, पण चावून खाल्ली तर एक गुंजही जीव घेऊ शकते. त्या घरात नकोतच. एरंडाच्या बियाही नकोत. निपाणी-चिकोडीकडे हे सदर वाचणाऱ्या आयांनो, तंबाखूच्या हिरव्या पानांपासून मुलांना लांब ठेवा, त्यातलं विष कातडीतून अंगात जातं. चिंचोके, पावटे, मणी दिले की जवळ बसून राहा. नाकात गेलं तर पिन-काडीने काढायला जाऊ नका, डॉक्टरकडे जा. घरात दोन-तीन वर्षांखालचं भावंड रांगत असेल तर ही बारीक वस्तूंची कामं ओट्यावर करा. शेंगा फोडू द्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे खायला नकोत, घशात अडकतात. कूट द्या. पाण्याचा खेळ झाला की बादली लगेच उपडी करा, बुडायला लहान मुलाला वीतभर पाणीही पुरतं.

हे सगळं चार-सहा महिने करूनही त्याला दोन हात मिळून काम करणं जमत नसेल, जिना चढताना सारखा पडत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही.

राहिली शाळा. टीचरांशी भांडू नका. त्यांच्यावरही पान भरून घेण्याचा दबाव असतो, आणि पानं भरलेली दिसावीत असा आग्रह बऱ्याचदा पालकच धरतात. एकट्याने भेटायला जा, शाळा सुटल्यानंतर. मुलाने केलेलं काहीतरी सोबत न्या, मातीचा बैल किंवा त्याने ओवलेली माळ. म्हणा, ‘मॅडम, बोटांचं काम आम्ही घरी रोज करून घेतोय. दोन महिने एका पानाऐवजी दोन ओळी चालतील का? रडत लिहिलेलं पान मी पाठवणार नाही.’ मॅडमनी सरकारी धोरणाचं नाव काढलं, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा म्हणून धरली आहेत आणि त्यात भर खेळावर आणि कृतीवर आहे, हे नम्रपणे सांगा. आपल्या कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला नली-कली पद्धतीने शिकवतात. ती १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, तीही कृतीतून शिकण्याचीच पद्धत आहे.

दोन ओळींना त्या हो म्हणाल्या तर त्या दोन ओळी संध्याकाळी न घेता सकाळी, तो ताजातवाना असताना घ्या. नाही म्हणाल्या, तर पहिल्या दोन ओळी तो लिहील, उरलेल्या जागेत त्याला हवं ते चित्र काढू दे, आणि खाली तुम्ही सही करून ‘आज एवढंच झालं’ असं लिहून वही पाठवा. वहीत शेरा आला तर तो तुमच्यासाठी आहे, त्याच्यासमोर वाचू नका. महिनाभराने काय झालं ते मला कळवा, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून त्याने किती गव्हल्या वळल्या तेही लिहा.